नेम देवासाठी, नेम देहासाठी

गणेशचतुर्थी जवळ आली की आपल्या घरांत मांसमच्छी बंद होते. कोणी तपासायला येत नाही, तरी नेम मोडत नाही. महाशिवरात्रीला आपल्यातील कितीतरी जण गंगा तलावापर्यंत पायी जातात. मग डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितले की आठ दिवसांत धीर का सुटतो? 2021 च्या राष्ट्रीय पाहणीत मॉरिशसमध्ये सुमारे पाचांत एका प्रौढाला मधुमेह आढळला. वजनाचा संकल्पही देवापुढे सोडावा; तो टिकेल असे आम्हांस वाटते. मात्र दिवसभर उपास आणि रात्री तळणाचे ताट, हे कसले व्रत? देवळात चालत जावे. प्रसादाला नाही म्हणू नये, पण मोदक एकच घ्यावा. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपास धरण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारावे.