कल्ला उचला, मग भाव करा

पाचूबंदरला किंवा अर्नाळ्याला पापलेट घेणारी बाई आधी कल्ला उचलते. आत लालभडक दिसले तर पुढचे बोलणे, फिकट दिसले तर ती पुढच्या कोळणीकडे सरकते. हजार-दीड हजाराच्या मासळीसाठी वसईचा माणूस एवढा चोखंदळ असतो. तोच माणूस सात-आठ लाखांची, वर्षभर वापरलेली गाडी घ्यायला जातो तेव्हा चकचकीत बॉनेटवरून हात फिरवतो, सोसायटीच्या आवारात एक फेरी मारतो आणि थेट विचारतो, “लास्ट किती?”

व्यवहार तिथेच विकणाऱ्याच्या हातात जातो. कारण “लास्ट” त्याच्या आकड्यापासून मोजला जातो, आणि त्याचा आकडा बहुतेक वेळा चुकीच्या जागेवरून आलेला असतो.

वर्ष-दोन वर्षांची गाडी घेणे हा मुळात शहाणपणाचा व्यवहार आहे. शोरूमच्या दारातून बाहेर पडताच नव्या गाडीची किंमत उतरू लागते आणि ती घट पहिल्या मालकाने सोसलेली असते. वसई-विरारमध्ये तर या गाड्यांना गिऱ्हाइकांचा तुटवडा नाही. २००९ मध्ये महापालिका झाली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला, एमएच ४८ चे पासिंग आले. वसई खाडीवरचा नवा वर्सोवा पूल २०२३ मध्ये सुरू झाला, फेब्रुवारी २०२४ पासून वसई-भाईंदर रो-रो बोटीवर गाडी चढवून खाडी ओलांडता येऊ लागली. विरार लोकलच्या गर्दीत वीस-वीस वर्षे उभ्याने प्रवास केलेल्या माणसाला दारात गाडी हवी असते, यात काही चूक नाही. नवी परवडत नाही म्हणून तो जुनी शोधतो, आणि जुनी नको म्हणून “नव्यासारखी” शोधतो. या “नव्यासारखी” शब्दातच त्याचे पैसे जातात.

२२ सप्टेंबर २०२५ ही तारीख अशा प्रत्येक खरेदीदाराने पाठ करावी. त्या दिवसापासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा उपकरही गेला. चार मीटरपर्यंत लांबीच्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्या यात येतात. ज्याने त्याच्या महिनाभर आधी गाडी घेतली, त्याचे खरोखर नुकसान झाले. त्याच्याबद्दल वाईट वाटावे, पण ते नुकसान पुढच्या खरेदीदाराने भरून देण्याचे कारण नाही.

हिशोब मांडून पाहू. समजा, छोट्या पेट्रोल गाडीची ऑगस्ट २०२५ मधली एक्स-शोरूम किंमत ८ लाख रुपये होती. त्यात २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का उपकर धरलेला. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रस्ता कर, म्हणजे ८८ हजार. विमा आणि किरकोळ खर्च धरून गाडी रस्त्यावर आली साधारण ९ लाख ३० हजारांना. कंपनीने फक्त कराची सूट पुढे दिली असे धरले, तरी त्याच गाडीची एक्स-शोरूम किंमत २२ सप्टेंबरनंतर ७ लाख ३१ हजार ७८३ होते. रस्ता करही साडेसात हजारांनी उतरतो. एकूण फरक ७५ हजारांच्या वर. तीच गाडी, तोच रंग, कोरी करकरीत, ८ लाख ५५ हजारांच्या घरात.

आता विकणारा म्हणतो, “मला ९ लाख ३० पडली. वर्षही झालं नाही, फक्त आठ हजार किलोमीटर रनिंग आहे. लाख रुपये सोडतो, ८ लाख ३० द्या.” लाख रुपये सोडतो हे ऐकायला भारी वाटते. प्रत्यक्षात खरेदीदाराची नव्या गाडीपेक्षा बचत होते २५ हजार रुपयांची. तेवढ्यासाठी तो कंपनीच्या वॉरंटीचे एक वर्ष सोडतो, दुसऱ्याने कशी चालवली हे न कळलेली गाडी घेतो आणि पुढे विकताना आरसीवर “दुसरा मालक” म्हणून आणखी घट सोसतो.

मग योग्य भाव कुठला? विमा कंपन्या गाडीचे मूल्य धरताना घसाऱ्याचा एक ठरलेला तक्ता वापरतात. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, सहा महिने ते एक वर्ष १५ टक्के, एक ते दोन वर्षे २० टक्के, दोन ते तीन वर्षे ३० टक्के. हा तक्ता बाजारभाव ठरवत नाही, पण बोलणी सुरू करायला यापेक्षा भक्कम जमीन नाही. आजच्या ७ लाख ३१ हजारांतून १५ टक्के वजा केले की ६ लाख २२ हजार राहतात. रस्ता कर एकदाच, पंधरा वर्षांचा भरलेला असतो आणि तो गाडीबरोबर येतो. त्याचा उरलेला वाटा, सुमारे ७५ हजार, विकणाऱ्याला प्रामाणिकपणे द्यावा. बेरीज ७ लाखांच्या जरा आत येते. बोलणी या आकड्याच्या आसपास व्हावीत. सीएनजी गाडीला आपल्या पट्ट्यात मागणी जास्त, तिथे थोडे वर जावे लागेल. ठोकून रंगवलेल्या गाडीसाठी बरेच खाली यावे लागेल. पण सुरुवात आजच्या नव्या गाडीच्या कोटेशनपासून करावी. ते शोरूममधून अर्ध्या तासात फुकट मिळते आणि समोर ठेवले की आवाज न चढवता निम्मी घासाघीस संपते.

दोन दावे खूप ऐकू येतात, त्यांची उत्तरे तयार असावीत. पहिला, “विम्याच्या कागदावर गाडीची किंमत बघा ना.” तो कागद गाडी घेतली त्या दिवशीच्या जुन्या दराने छापलेला असतो, त्यामुळे तो इथे उपयोगाचा नाही. दुसरा, “कंपनीच्या नावावर होती, टॅक्स वीस टक्के भरलाय.” कंपनीच्या नावावरच्या गाडीला महाराष्ट्रात २० टक्के कर लागतो हे खरे. मात्र सामान्य माणूस नवी गाडी घेताना ११ टक्केच भरतो, म्हणून वरचे नऊ टक्के त्याच्या लेखी शून्य आहेत.

महामार्गाच्या फाट्यांवर जुन्या गाड्या विकणारे तिसरी एक गोष्ट सांगतात: “यावर १८ टक्के जीएसटी लागेल.” डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरच्या बैठकीत जीएसटी परिषदेने हा दर ठरवला तेव्हा देशभर गोंधळ उडाला होता. त्याचा फायदा अजून घेतला जातो. हा कर नोंदणीकृत विक्रेत्याच्या नफ्यावर लागतो, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही. त्याने साडेसहा लाखांना घेऊन सात लाखांना विकली तर करपात्र रक्कम ५० हजार, कर फार तर ९ हजार. सात लाखांवर १८ टक्के म्हणजे १ लाख २६ हजार मागणारा एकतर अजाण आहे किंवा गिऱ्हाइकाला अजाण समजतो. शेजाऱ्याने शेजाऱ्याला गाडी विकली तर हा कर लागतच नाही.

इथवरचा हिशोब पुण्यालाही लागू आहे आणि नागपूरलाही. वसई-विरारचा वेगळा प्रश्न आहे पाण्याचा.

जुलै २०१८ मध्ये वसई रोड आणि विरारदरम्यान लोकल बंद पडल्या, वीज गेली, मिठागरात शेकडो माणसे अडकली, वसई पूर्वेच्या वसाहतींत पाणी दिवसचे दिवस उतरले नाही. तळमजल्याच्या पार्किंगमध्ये उभ्या गाड्यांचे काय झाले असेल ते सांगायला नको. ऑगस्ट २०२५ च्या पावसातही शहराच्या अनेक भागांत पाणी साचले. म्हणजे आज “वर्षही झालं नाही” म्हणून विकायला आलेली गाडी त्या पाण्यात उभी होती का, हा प्रश्न विचारायलाच हवा. पाण्यात उभी राहिलेली गाडी लगेच दगा देत नाही. वायरिंगच्या जोडांत गंज धरायला, सेन्सर बिघडायला काही महिने लागतात. तोवर ती पॉलिश होऊन, आत अत्तराची बाटली लटकवून विकली गेलेली असते.

हीच कल्ला उचलण्याची जागा. गाडी दिवसाउजेडी पाहावी, पाऊस पडत असताना कधीच पाहू नये. पायाखालची मॅट काढून कार्पेटच्या कडेत बोटे घालावीत. खालचा फोम ओलसर किंवा गाळाने कडक झालेला आहे का बघावे. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढावा. साफ करणारा सगळी गाडी धुतो, पण बेल्टचा आत गुंडाळलेला शेवटचा हातभर भाग त्याच्याकडून राहतो, आणि पाण्याची पिवळसर रेघ तिथेच सापडते. सीटच्या खालच्या रुळांवरचे स्क्रू, डिकीत स्टेपनीचा खळगा, हेडलाइटच्या काचेआडची वाफ, सगळे एकदा नजरेखालून घालावे. किनाऱ्यालगतच्या गावात वापरलेल्या गाडीच्या तळाला खाऱ्या हवेने गंज लवकर धरतो. तो पाहायला ओळखीच्या मेकॅनिकला हजार-पाचशे देऊन गाडी रॅम्पवर चढवावी. विकणारा याला नकार देत असेल तर परत फिरावे.

टायरवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. आठ हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचे चारही टायर मूळचे आणि आसपासच्याच आठवड्यांचे असायला हवेत. दोनच वेगळे निघाले तर गाडी ठोकली होती का, की मीटर मागे केला आहे, हे विचारावे. सर्व्हिसिंगच्या प्रत्येक वेळी झालेले किलोमीटर अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या नोंदीत असतात. मालकालाच सोबत नेऊन ती नोंद पाहावी.

कागदांचे म्हणाल तर इतक्या नव्या गाडीवर बहुधा कर्ज असते. अशा वेळी पैसे मालकाच्या हातात न देता थेट कर्जखात्यात भरावेत, बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरची कर्जाची नोंद (एचपी) उतरवावी, आणि नाव चढेपर्यंत थोडी रक्कम लेखी ठरवून हातात ठेवावी. फाट्यावरच्या विक्रेत्याकडे आरटीओचे अधिकृत डीलरचे प्रमाणपत्र मागावे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार त्याच्याकडे ते असायला हवे, आणि गाडी त्याच्या ताब्यात देताना मालकाने फॉर्म २९ सी भरून ती बाब आरटीओला कळवायची असते.

विकणाऱ्यानेही इथे सावध व्हावे. राज्यातल्या राज्यात गाडी विकल्यावर १४ दिवसांत कळवणे कायद्याने त्याच्यावर आहे. “नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार” या खटल्यात गाडी हातोहात विकली गेली होती, आरसीवर नाव मात्र पहिल्याचेच राहिले. अपघाताची भरपाई नोंदीतल्या मालकावरच येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी दिला. ओळखीतला व्यवहार म्हणून सह्या केलेले कोरे फॉर्म देऊन मोकळे होणारे अनेकजण वसईत आजही आहेत. त्यांनी हा निकाल वाचावा.

एवढे करूनही एक गोष्ट खरेदीदाराच्या हाती लागत नाही: विम्याचा दावा. गाडी बुडाली होती, मोठी दुरुस्ती झाली होती, हे विमा कंपनीच्या संगणकात पैशासकट लिहिलेले असते. वाहन पोर्टलवर मालक कितवा, कर्ज कुणाचे, विमा कधीपर्यंत, हे सगळे दिसते. बुडाल्याची नोंद मात्र दिसत नाही. दर दोन-तीन पावसाळ्यांनी पाण्याखाली जाणाऱ्या शहरात ही नोंद दडलेली राहणे अन्यायाचे आहे. परिवहन मंत्रालयाने आणि विमा नियामकाने पूर व मोठ्या अपघाताच्या दाव्यांची नोंद गाडीच्या क्रमांकाशी जोडून खुली करावी. इथल्या आमदार-खासदारांनी ही मागणी लावून धरावी. नालासोपाऱ्याच्या ज्या कुटुंबाने दहा वर्षांची बचत एका गाडीत घातली, त्याला ती गाडी कधी पाण्याखाली होती का, हे घेण्याआधी कळायला हवे.

तोवर एक साधा मार्ग आहे. पहिल्या वर्षी दावा केला नसेल तर विम्याच्या पहिल्या नूतनीकरणाला २० टक्के नो क्लेम बोनस मिळतो. हा बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे त्याचे पत्र विकणारा स्वतःच्या पुढच्या गाडीसाठी विमा कंपनीकडून घेतोच. गाडी दुसऱ्या वर्षात असेल तर टोकन देण्याआधी त्याच्याकडून नूतनीकरणाची पॉलिसी मागून घ्या आणि बोनसच्या रकान्यात २० लिहिले आहे की शून्य, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.