नाडी ६० ते १०० मध्ये आहे, म्हणजे हृदय ठणठणीत?

२८ जुलै २०२१. टोकियो ऑलिंपिकमध्ये फलटण तालुक्यातल्या सरडे गावच्या प्रवीण जाधवनं जागतिक क्रमवारीत दुसऱ्या असलेल्या गाल्सन बझारझापोव्हला ६-० असं हरवलं. याच तिरंदाजी स्पर्धेत प्रेक्षकांना पडद्यावर खेळाडूंच्या हृदयाचे ठोकेही दिसत होते. चेहऱ्याच्या रंगातले सूक्ष्म बदल कॅमेऱ्यानं टिपून ते मोजले जात होते. महिलांच्या अंतिम सामन्यात शेवटच्या बाणाच्या वेळी विजेत्या आन सानचे ठोके ११८ होते, तर प्रतिस्पर्ध्याचे १६७.

पण हे ठोके ताणातले होते. हृदयाच्या तब्येतीसाठी डॉक्टर विचारतात तो आकडा वेगळा, रेस्टिंग हार्ट रेट. म्हणजे शांत बसलेलं असताना मिनिटाला पडणारे ठोके.

किती असावेत?

प्रौढांमध्ये साधारण ६० ते १००. नियमित सराव करणाऱ्या खेळाडूंमध्ये ४० ते ६० सुद्धा असतात. त्यांचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, त्यामुळे कमी ठोक्यांत काम भागतं.

मग ९० म्हणजे ठीकच ना?

लगेच घाबरण्यासारखं नाही, पण तुमचा नेहमीचा आकडा काय, हे महत्त्वाचं. नॉर्वेत हृदयविकार नसलेल्या २९ हजारांहून अधिक लोकांच्या नाडीची सुमारे दहा वर्षांच्या अंतरानं तुलना झाली. २०११ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, ज्यांचे ठोके ७० च्या खालून ८५ च्या वर गेले, त्यांना हृदयविकारानं मृत्यूचा धोका ७० च्या खालीच राहिलेल्यांच्या जवळपास दुप्पट होता.

वाढलेली नाडी म्हणजे हृदयविकारच, असं मात्र नाही. ताप, रक्तक्षय, थायरॉईड, शरीरातलं पाणी कमी होणं, तंबाखू, अपुरी झोप यानंही ठोके वाढतात. उलट रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी ते कमी होतात.

कसं मोजायचं?

सकाळी चहा-तंबाखूच्या आधी पाच मिनिटं शांत बसा. अंगठ्याच्या खाली मनगटावर दोन बोटं ठेवा. ३० सेकंदांतले ठोके मोजून दुप्पट करा. ठोके अनियमित वाटले तर पूर्ण मिनिट मोजा आणि डॉक्टरांना सांगा. आठवडाभर आकडा लिहून ठेवा.

विश्रांतीतही नाडी वारंवार १०० च्या वर जात असेल, किंवा कमी नाडीसोबत चक्कर, थकवा येत असेल तर तपासणी करून घ्या. रोज भरभर चालण्यानं काही महिन्यांत ठोके कमी होऊ शकतात.

सर्वात महत्त्वाचं: नाडी नॉर्मल असली तरी रक्तवाहिनीत अडथळा असू शकतो. त्यामुळे रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉलची तपासणी टाळू नका. छातीत दुखतंय, दम लागतोय, घाम फुटलाय आणि घड्याळ ७२ दाखवतंय, अशा वेळी घड्याळाकडे पाहत थांबू नका. लगेच १०८ ला फोन करा.