लकवा, यंत्रमानव आणि वाया गेलेले दिवस

गेल्या महिन्यात काटोलकडचे एक शेतकरी गृहस्थ मोबाईल हातात धरूनच माझ्या दवाखान्यात आले. त्यांच्या वडिलांना आठ महिन्यांपूर्वी लकवा झालेला. उजवी बाजू गेलेली. मोबाईलवर एक चित्रफीत होती. तीत एका रुग्णाच्या कमरेपासून पायापर्यंत यंत्राचा सांगाडा बांधला होता आणि त्या जोरावर तो पावले टाकत होता.

"डॉक्टरसाहेब, बाबाले इथं नेलं तं चालतील ना? एक एकर काढतो विकायले."

मी विचारले, "काकाजी सध्या दिवसभर काय करतात?"

"काही नाही जी, झोपून असतात. पडतील म्हणून आम्ही त्यांले उठूच देत नाही."

त्यांच्या कागदांची पिशवी मी चाळली. माझ्याच अक्षरातली चिठ्ठी सापडली. रक्तदाबाच्या गोळ्या, रक्त पातळ करणारी गोळी आणि खाली एक ओळ : 'फिजिओथेरपी करावी.' कोणी, कुठे, दिवसातून किती वेळा, यातले काहीच लिहिले नव्हते. आठ महिन्यांचा दोष एकट्या त्या कुटुंबाचा नव्हता. म्हणूनच आज हा विषय घेतला आहे.

लकवा किंवा अर्धांगवायू हा पायाचा नव्हे, मेंदूचा आजार आहे. मेंदूतील रक्तवाहिनी बंद पडते किंवा फुटते आणि तेथील पेशी मरतात. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. परंतु शेजारच्या पेशी त्यांचे काम शिकू शकतात. शिकण्याची वाट एकच, ती म्हणजे तीच हालचाल पुन्हा पुन्हा करणे. लहान मूल चालायला शिकते तसेच हे आहे. शिकण्याची ही शक्ती पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त असते. नेमके हेच दिवस आपल्याकडे तेल चोळण्यात, पारव्याचे रक्त लावण्यात आणि 'अमुक गावी लकव्याचे औषध मिळते' म्हणून गाडी करून फिरण्यात निघून जातात.

आता यंत्राविषयी. यात दोन प्रकार आहेत. पहिल्यात रुग्णाला वरून पट्ट्यांनी तोलून धरतात, खाली सरकता पट्टा असतो आणि मांडी व पोटरीला बांधलेले मोटारीचे सांधे पाय उचलून पुढे टाकतात. स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे तयार झालेले 'लोकोमॅट' हे या प्रकारचे प्रसिद्ध यंत्र. दुसऱ्या प्रकारात सांगाडा अंगावर चढवून रुग्ण जमिनीवरच चालतो. अशा एका यंत्राला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली लकव्याच्या रुग्णांसाठी परवानगी दिली. यंत्राचा गुण असा की ते थकत नाही. ज्याला उभेही राहता येत नाही अशा रुग्णाला धरून चालवताना दोन माणसे दहा मिनिटांत घामाघूम होतात. यंत्र अर्ध्या तासात हजारावर पावले टाकून घेते.

मग याचा उपयोग होतो का? होतो. जगभरातील ६२ प्रयोगांचा आणि २,४४० रुग्णांचा आढावा २०२० साली घेतला गेला. नेहमीच्या व्यायामोपचाराला अशा यंत्राची जोड दिली तर आधाराशिवाय चालू लागणाऱ्यांचे प्रमाण वाढते, असे त्यात दिसले. मात्र सर्वाधिक फायदा झाला तो पहिल्या तीन महिन्यांतील आणि मुळीच चालू न शकणाऱ्या रुग्णांना. शिवाय यंत्र हे व्यायामोपचाराच्या जोडीला होते, त्याच्या जागी नव्हते.

दुसरा एक प्रयोग अमेरिकेत ४०८ रुग्णांवर झाला व २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात यंत्रमानव नव्हता. वजन तोलून सरकत्या पट्ट्यावर चालवणे एकीकडे आणि फिजिओथेरपिस्टने घरी येऊन घेतलेला व्यायाम दुसरीकडे, अशी तुलना होती. वर्षअखेर निम्म्याहून थोडे अधिक रुग्ण चालण्यात सुधारले आणि दोन्ही बाजूंचा निकाल सारखाच निघाला! घरच्या व्यायामाला कमी लेखणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. पण तो व्यायाम जाणकाराने शिकवलेला, नियमित आणि महिनोन्‌महिने चाललेला होता, हेही विसरू नये.

तेव्हा घरी काय करावे? झटका येताच पहिल्या चोवीस तासांत रुग्णाला उठवून चालवण्याची घाई करू नये. तसे केल्याने तोटा झाल्याचे २०१५ सालच्या एका मोठ्या प्रयोगात दिसले आहे. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मात्र एक दिवसही दवडू नये. खुर्चीवरून उठणे व बसणे दहा वेळा, असे दिवसातून चार-पाचदा करावे. स्वयंपाकाचा ओटा किंवा खिडकीचे गज धरून उभे राहावे. चालवताना सोबत्याने दुबळ्या बाजूला उभे राहावे आणि कमरेला धरावे. लुळा हात धरून कधीही ओढू नये, खांदा निखळतो. पाऊल लोंबत असेल तर घोट्याला आधार देणारी पट्टी मिळते, ती बसवून घ्यावी. रोजची पावले कॅलेंडरवर लिहावीत. रक्तदाबाच्या गोळ्या सोडू नयेत. आणि खर्रा बंद, घरातल्या सर्वांचाच!

नागपुरात 'मेडिकल'मध्ये फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी या दोन्ही विषयांच्या शाळा आहेत. तेथे एकदा तरी रुग्णाला नेऊन व्यायाम शिकून घ्यावा. नेणाऱ्यानेही शिकावा, कारण उरलेले दिवस त्यालाच करवून घ्यायचे आहेत.

यंत्राला माझा विरोध नाही. मोठ्या सरकारी रुग्णालयात अशी यंत्रे यावीत आणि गरिबालाही ती पहिल्या महिन्यांत मिळावीत. पण यंत्राची किंमत मोठी आणि ते शहरातच राहणार. नरखेड-उमरेडच्या रुग्णाने आठवड्यातून तीनदा एस.टी.ने यावे कसे? म्हणून आधी प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयात पूर्णवेळ फिजिओथेरपिस्ट असावा आणि त्याने घरी जाऊन घरच्यांना शिकवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि आम्हा डॉक्टरांनी गोळ्यांइतक्याच तपशिलाने व्यायामही लिहून द्यावा.

काटोलच्या गृहस्थांना मी एकर विकू दिला नाही. आठ महिन्यांनंतर सुधारणा मंद होते, पण थांबत नाही, हे सांगून काकाजींना घेऊन यायला लावले आणि नवी चिठ्ठी लिहिली, या वेळी पूर्ण पानभर. परवा मुलाचा फोन आला : "बाबा ओटा धरून पाच मिनिटं उभे राहिले जी."

आठ महिन्यांपूर्वीच हे सुरू झाले असते तर? हा प्रश्न मी स्वतःला विचारला आहे. आपल्या घरी तो विचारण्याची वेळ येऊ नये, एवढेच.