चमक गेली म्हणजे प्रथिन गेलं का?

लडाखला पोचलात की जिना चढतानाही धाप लागते. राहिलात तर शरीर हळूहळू सावरतं. किडनी 'इपीओ' हे हार्मोन जास्त सोडते, लाल रक्तपेशी वाढतात. पण हवेत ऑक्सिजन कमी आहे, हे पेशीला सांगतं कोण?

हे कोडं सोडवणाऱ्या विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं. पेशी 'एचआयएफ-१ अल्फा' हे प्रथिन सतत बनवते आणि सतत मोडीत काढते. मोडीत काढण्याआधी त्यावर एक खूण करावी लागते आणि त्या खुणेला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन घटला की खूण होत नाही, प्रथिन साठतं आणि इपीओचं जीन जोरात चालू होतं.

हे फक्त पुस्तकातलं ज्ञान नाही, बरं का! किडनीच्या जुनाट आजारात होणाऱ्या ॲनिमियासाठी झायडसच्या डेसिडुस्टॅट गोळीला भारतात २०२२ मध्ये मान्यता मिळाली. ती खूण करणारं एन्झाइमच रोखते. उलट कॅन्सरच्या गाठी हीच यंत्रणा वापरून स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या ओढून घेतात. म्हणून जिवंत पेशीत हे प्रत्यक्ष बघणं महत्त्वाचं.

त्यासाठी एचआयएफला जेलीफिशमधलं चमकणारं जीएफपी जोडतात आणि फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली बघतात. ग्यानबाची मेख इथेच आहे. जीएफपी तयार झालं तरी चमकण्याजोगं व्हायला त्याला स्वतःलाच ऑक्सिजन लागतो! मग ऑक्सिजन जवळजवळ संपवल्यावर स्क्रीनवर अंधार दिसला, तर प्रथिन नाही म्हणायचं की दिवाच पेटला नाही?

यावर तोडगा निघालाय. जपानी ईल माशातलं 'यूनाजी' हे प्रथिन बिलिरुबिनला धरून चमकतं, ऑक्सिजन नसला तरी. जपानी शास्त्रज्ञांनी ते २०१३ मध्ये जगासमोर आणलं. तरी दोन अडचणी उरतातच. मायक्रोस्कोपचा तीव्र प्रकाश पेशींना इजा करतो. शिवाय नेहमीच्या इन्क्युबेटरमध्ये ऑक्सिजन १८-१९ टक्के असतो, शरीरातल्या बऱ्याच ऊतींत त्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणजे आपण ज्याला 'नॉर्मल' म्हणतो, ते पेशीसाठी नॉर्मल नसतंच.

तेव्हा प्रोजेक्टसाठी पेपर वाचताना सुंदर हिरव्या फोटोवर भाळू नका. आधी कंट्रोल शोधा: एचआयएफ न जोडलेलं नुसतं जीएफपी तेवढ्याच कमी ऑक्सिजनमध्ये चमकलं का? तेही मंदावलं असेल, तर निष्कर्षावर लगेच विश्वास ठेवू नका.