कपाटातला सेन्सर

मी भाषेचा मास्तर. सकाळी पहिला तास उर्दूचा, मधल्या सुट्टीनंतर मराठीचा. त्यामुळे विज्ञान शिक्षकांच्या प्रशिक्षणावर मी लिहितोय हे पाहून आमच्या स्टाफरूममधले काही जण हसतील. पण त्या प्रशिक्षणाला मी स्वतः जाऊन आलोय, सर्टिफिकेटही आहे. आमच्या विज्ञानाच्या आपांना मतदारयादीचं काम लागलं होतं. शाळेतून एक नाव पाठवणं भाग होतं. हेडमास्तर साहेबांनी स्टाफरूमभर नजर फिरवली आणि मला म्हणाले, "तुम्ही बी.एड. आहात ना? मग झालं."

विषय होता, वर्गात सेन्सर वापरून प्रयोगाच्या नोंदी कशा घ्यायच्या. तापमानाचा सेन्सर, प्रकाशाचा, अंतर मोजणारा. तो कॉम्प्युटरला किंवा मोबाईलला जोडायचा, की पडद्यावर आकडे येतात आणि आलेख आपोआप निघत जातो. हॉलमध्ये आम्ही सत्तर-ऐंशी जण. प्रोजेक्टरवर एकामागून एक स्लाइड. प्रशिक्षक मनुष्य चांगला होता, कळकळीनं बोलत होता. दुपारी त्यांनी एक खोका उचलून दाखवला आणि परत टेबलावर ठेवला. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, "सर, उघडून बघू का?" उत्तर आलं, "मॅडम, तो उद्या दुसऱ्या केंद्रावर जायचाय." मग चहा, सह्या, ग्रुप फोटो.

मी त्या प्रशिक्षकांना दोष देत नाही. त्यांनाही कुणीतरी स्लाइडच दाखवल्या असणार.

पुढे तसाच एक खोका आमच्या शाळेतही आला. डेडस्टॉक रजिस्टरला त्याची नोंद झाली आणि तो कपाटात गेला. किल्ली ऑफिसात. आपांना विचारलं, "का हो, काढत का नाही?" त्या म्हणाल्या, "सर, मला चालवता येत नाही. आणि तुटलं तर भरून कोण देणार?" या दोन वाक्यांत सगळा प्रश्न आला. ज्या वस्तूची भीती वाटते ती वस्तू शिक्षक साठ पोरांसमोर काढत नाही. आणि भीती जाते ती फक्त हाताळून, बिघडवून, परत जुळवून.

आता कुणी म्हणेल, खोका कपाटात राहिला तर बिघडलं कुठे? आमच्या वेळी कुठे सेन्सर होते? बिघडतं ते सांगतो. नववीच्या विज्ञानात पहिलाच धडा गतीचे नियम. त्यात अंतर-काळाचा आलेख आहे. एकदा ऑफ तासाला मी वर्गावर होतो. एका मुलीला तो आलेख दाखवून विचारलं, हा माणूस काय करतोय? ती म्हणाली, "डोंगर चढतोय, मग सपाटीवर चालतोय." खरं तर आलेखाच्या सपाट भागात तो माणूस एका जागी उभा होता. मुलगी हुशार आहे, गझल ऐकून तिचा मतला ओळखते. पण आलेख तिच्यासाठी चित्र होता. ही चूक जगभरच्या मुलांची आहे.

अंतराचा सेन्सर वटवाघळासारखा काम करतो. आपल्या कानांना ऐकू न येणारा आवाज सोडतो, तो समोरच्या वस्तूवर आपटून परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर काढतो. मुलीनं त्याच्यासमोर चालायचं. दूर गेली की पडद्यावरची रेघ वर, थांबली की रेघ आडवी, जवळ आली की खाली. एकदा स्वतःच्या पायांनी रेघ काढली की डोंगर डोक्यातून निघून जातो. अमेरिकेत हेदर ब्रासेल यांनी १९८७ साली यावर अभ्यास प्रसिद्ध केला. मूल चालत असतानाच आलेख दिसला तर समज चांगली वाढते, पण तोच आलेख सुमारे वीस सेकंद उशिरा दाखवला तर फायदा जवळजवळ नाहीसा होतो, असं त्यांना आढळलं. वीस सेकंद! आणि आमच्याकडे प्रयोग जूनमध्ये 'सांगितला' जातो, आलेख मार्चमध्ये परीक्षेत काढला जातो.

पण यातच मेख आहे. आलेख त्याच क्षणी यायचा असेल तर यंत्र त्याच क्षणी चाललं पाहिजे, आणि यंत्रं इतकी आज्ञाधारक नसतात. ब्लूटूथ जुळत नाही. बॅटरी उतरलेली असते. मधे बाक आला तर आवाज त्याच्यावरच आपटून येतो आणि रेघ कापलेल्या पतंगासारखी गोते खाते. ज्यानं हे आधी भोगलंय तो बाक सरकवतो आणि पुढे जातो. ज्यानं फक्त स्लाइड पाहिलीय तो पाच मिनिटांत घाम पुसत खोका बंद करतो, आणि पुढची पाच वर्षं तो उघडत नाही.

हे मी कुठे शिकलो? हॉलमध्ये नाही, आमच्या शाळेच्या व्हरांड्यात. आपांच्या भाच्यानं त्यांच्या फोनवर फायफॉक्स नावाचं ॲप टाकून दिलं होतं. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात बनलेलं, २०१६ पासून फुकट मिळणारं. फोनमध्ये आधीच असलेले सेन्सर ते प्रयोगासाठी वापरू देतं. एका शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही चौघं थांबलो. ध्वनीचा वेग काढायचा ठरला. दोन फोन पाच मीटरवर ठेवायचे, दोन्हींवर आवाजानं चालू-बंद होणारं स्टॉपवॉच. पहिल्या फोनजवळ एकानं टाळी वाजवायची, थोड्या वेळानं दुसऱ्या फोनजवळ दुसऱ्यानं. दोन फोनांवरच्या वेळेत जो बारीक फरक येतो त्यावरून वेग निघतो.

पहिल्यांदा घड्याळं टाळीआधीच सुरू झाली. रस्त्यावरून टेम्पो गेला होता. मग किती मोठ्या आवाजाला घड्याळानं जागं व्हायचं तो आकडा वाढवला. मग आमच्या पी.टी.च्या सरांना खोकला आला. शेवटी फरक आला ०.०२९ सेकंद. पाच भागिले तेवढं, उत्तर १७२. पुस्तकात साडेतीनशेच्या आसपास आहे. आपा हिरमुसल्या, "बघा, मोबाईलनं कुठे विज्ञान होतं!" आम्ही कागद घेऊन बसलो. अर्ध्या तासानं त्यांनाच सुचलं. पहिल्या टाळीचा आवाज दुसऱ्या फोनला उशिरा पोचतो, म्हणून ते घड्याळ उशिरा सुरू होतं. दुसऱ्या टाळीचा आवाज पहिल्या फोनला उशिरा पोचतो, म्हणून हे उशिरा थांबतं. उशीर दोनदा झाला, तर अंतरही दोनदा धरायला हवं. दहा भागिले ०.०२९, म्हणजे जवळपास ३४५. आपांनी वाजवलेली ती टाळी सगळ्यात जोरदार होती, आणि घड्याळं पुन्हा सुरू झाली.

सोमवारी त्यांनी किल्ली मागून घेतली.

या सगळ्यात माझं काम दुभाष्याचं होतं, आणि ते लहान नाही. उर्दू माध्यमाच्या शिक्षकांना प्रशिक्षण बहुतेकदा मराठीत मिळतं, ॲपवरच्या सूचना इंग्रजीत असतात, आणि वर्गात शिकवायचं उर्दूत. मराठीतलं त्वरण म्हणजे आमचं इस्राअ, अप्रकट उष्मा म्हणजे मख़फ़ी हरारत. ('मख़फ़ी' आणि 'अप्रकट', दोन्ही शब्द किती नेमके आहेत, भाषेचा मास्तर म्हणून एवढं कौतुक करू द्या.) तीन भाषांच्या या दारांतून जाताना शिक्षक निम्मं सामान बाहेरच टाकून येतो. सत्तर जणांच्या हॉलमध्ये हे कुणी विचारत नाही. चौघांच्या व्हरांड्यात लगेच विचारलं जातं.

हे काही मला एकट्याला सुचलेलं नाही. मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा शाळांत विज्ञान शिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला. त्यात शिक्षक उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन-तीन आठवडे राहून पोरांचे प्रयोग आधी स्वतः करायचे. नंतर दर महिन्याला भेटून काय फसलं ते एकमेकांना सांगायचे. ना सेन्सर, ना मोबाईल. सरकारनं २००२ मध्ये तो बंद केला ही वेगळी दुःखद गोष्ट. आता नव्या शिक्षण धोरणानं प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान पन्नास तास प्रशिक्षण सांगितलंय. तास वाईट नाहीत. पण व्हिडिओ चालू ठेवून भाजी निवडली तरी तास भरतात. त्या पन्नासातले वीस तरी असे असावेत की ज्यात प्रत्येकाच्या हातात वस्तू आहे, आणि महिन्याभरानं पुन्हा भेटणं आहे. आणि वापरताना तुटलेल्या वस्तूची वसुली शिक्षकाकडून होणार नाही, असं हेडमास्तरांच्या सहीचं एक ओळीचं पत्र. ते सगळ्यात आधी.

आमच्या लोकांनाही एक विनंती. स्नेहसंमेलनात इब्न अल-हैसमवर भाषण होतं, मीच तीन वेळा लिहून दिलंय. अंधाऱ्या खोलीत छिद्रातून येणारा प्रकाश त्यानं स्वतः तपासून पाहिला, हे वाक्य मुलं पाठ म्हणतात, आणि शेजारच्या खोलीत प्रकाशाचा सेन्सर कपाटात असतो. शाळेच्या कमिटीवरचे साहेब कमानीला रंग देण्यासाठी वर्गणी काढतात. एकदा त्या कपाटाची किल्लीही मागून पाहा.

जिथे साधी परीक्षानळी नाही तिथे सेन्सर कशाला, असं एका मित्रानं विचारलं. बरोबर आहे त्याचं. तिथे थर्मामीटर आणि मनगटी घड्याळ घेऊन सुरुवात करावी, दर मिनिटाला आकडा लिहावा. तेही शिक्षकानं आधी एकदा स्वतः करून.

आमचा या शनिवारचा विषय मख़फ़ी हरारत. बर्फ वितळत असताना तापमान शून्यावर अडून राहतं, ती आडवी रेघ आपांना पडद्यावर पाहायची आहे. बर्फ आणायचं काम माझ्याकडे आहे. मासळीबाजारातला बर्फवाला म्हणाला, "सर, पाव किलो बर्फ आजवर कुणी मागितला नव्हता."