रिकाम्या बटणाची मालकी कुणाची?

मंडळी, आज गाडीत बसाल तेव्हा एक काम करा. स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला, गुडघ्याच्या जरा वर, तीन-चार चौकोनी बटणं ओळीने असतील. त्यातलं एक बहुतेक हेडलाइटचा झोत खाली-वर करणारं. बाकीची दाबून बघा. दाबली जात नाहीत ना? कारण ती बटणं नाहीतच. प्लास्टिकची झाकणं आहेत नुसती. तुम्ही 'टॉप' न घेता 'मिड' घेतलीत, त्याची आठवण कंपनी रोज सकाळी करून देते. हप्ता तुमचा, गाडी तुमची, आणि टोमणाही तुम्हालाच.

माझ्या गाडीत अशी तीन झाकणं होती. चार वर्षं मी त्यांच्याकडे बघितलंही नाही. बघावं लागलं ते गेल्या श्रावणात.

आमचं मूळ घर खुलताबादचं. नोकरी पुण्यात, त्यामुळे जोडून सुट्टी आली की शुक्रवारी हापिसातून निघायचं आणि रात्री उशिरा गावी पोचायचं. खुलताबाद म्हटलं की बाहेरच्यांना औरंगजेबाची कबर आठवते, इतिहासात रस असेल तर मलिक अंबरची. आम्हाला आधी आठवतो तो झोपलेला भद्रा मारुती. श्रावणात शुक्रवारी रात्री छत्रपती संभाजीनगरहून (तेव्हाचं औरंगाबाद) लोक चालत निघतात आणि पंचवीसेक किलोमीटर तुडवून शनिवारी पहाटे दर्शनाला उभे राहतात. कॉलेजची पोरं, कंपनीतली दुसरी पाळी संपवून आलेले कामगार, लेकराला खांद्यावर घेतलेले बाप. डोक्यावर प्लास्टिकचा कागद, पायात चप्पल किंवा तीही नाही.

आणि दौलताबादच्या घाटात धुकं. हेडलाइट अप्पर केला की समोर पांढरी भिंत उभी राहते, कारण उजेड पाण्याच्या थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यांत परत येतो. त्यासाठीच फॉगलॅम्प बंपरमध्ये खाली बसवलेले असतात आणि त्यांचा झोत रुंद, आखूड आणि वरून कापलेला असतो. धुक्याच्या खालून रस्त्याची कड दिसावी, एवढंच त्यांचं काम. त्या रात्री त्या कडेनेच माणसं चालत होती.

माझ्या गाडीला कंपनीचे फॉगलॅम्प नव्हते, मी बाहेरून बसवले होते. एका अ‍ॅक्सेसरीजवाल्याने दीड तासात काम उरकून दिलं होतं आणि डॅशच्या खाली, पार पेडलांच्या वर, एक टॉगल स्विच स्क्रूने ठोकला होता. 'साहेब, कंपनीपेक्षा भारी,' असं वर सांगितलं होतं. घाटात तो स्विच लावायला मला खाली वाकून चाचपडावं लागलं. दोन सेकंद असतील. मान वर केली तर डाव्या बाजूला दहा-बारा फुटांवर एका माणसाची पाठ. तो मागे न बघता तसाच चालत राहिला. त्याला काही कळलंच नाही, आणि मला मात्र अजून ती पाठ दिसते.

त्यानंतर पाचेक मिनिटांनी मागून आई म्हणाली, "काहीतरी जळतंय रे." स्विचला हात लावला तर चटका बसला. बंद केला आणि उरलेला घाट पार्किंग लाइट लावून दहाच्या वेगाने चढलो. बायको खिडकीतून डोकं बाहेर काढून रस्त्याची कड सांगत होती.

सकाळी खुलताबादच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने पॅनल उघडलं आणि हसायलाच लागला. ५५ वॅटचे दोन दिवे, म्हणजे ११० वॅट. १२ व्होल्टला भागा, नऊ अँपिअरच्या आसपास करंट येतो. तो सगळा त्या वीस-तीस रुपयांच्या टॉगलमधून फिरवला होता. रिले नाही, फ्यूज नाही. हेडलाइटच्या वायरीचं आवरण ब्लेडने सोलून तिला पीळ मारून दुसरी वायर जोडलेली, वर काळी टेप. दिवाळीत गॅलरीत माळा जोडतो तशी.

पण मला राग आला तो पुढचं बघून. बंपरच्या मागे, बरोबर फॉगलॅम्पच्या जागी, कंपनीचाच कप्लर होता. फोम गुंडाळून, हार्नेसला टेपने बांधून ठेवलेला. बॉनेटखालच्या फ्यूजबॉक्सच्या झाकणावर फॉगलॅम्पचं चित्र छापलेलं, त्याखाली फ्यूजची आणि रिलेची जागा रिकामी. आणि आत डॅशमध्ये, एका झाकणाच्या मागे, बटणाला जोडायचा कप्लर लोंबकळत होता. म्हणजे वायरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत होतं! मी त्याचे पैसे दिले होते, त्याचं वजन चार वर्षं पेट्रोल जाळून वाहत होतो, आणि विकताना कुणी एका शब्दाने बोललं नव्हतं.

आता कंपनीची बाजू. मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे ती मला कळते. पाच व्हेरिएंटसाठी पाच डॅशबोर्ड आणि पाच हार्नेस बनवणं परवडत नाही. साचा एकच करायचा, भोकं सगळी ठेवायची आणि जिथे काही नाही तिथे झाकण. यात लबाडी नाही, शहाणपणच आहे. (सगळ्याच गाड्यांत झाकणामागे वायर असते असंही नाही. बऱ्याच ठिकाणी नुसती पोकळी असते.) आमच्याकडे हेच रोज चालतं. कोड सगळ्या ग्राहकांना एकच जातो, ज्याने कमी पैसे दिले त्याचा फीचर फ्लॅग बंद. मी स्वतः असे फ्लॅग लिहिले आहेत आणि त्यावर पगारवाढही घेतली आहे.

माझं भांडण झाकणाशी नाही, ते उचलू न देण्याशी आहे. मी सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारलं, टॉप मॉडेलचं बटण, रिले आणि दिवे माझ्या मिडला बसवून द्याल का? उत्तर आलं, "ते तुमच्या व्हेरिएंटला नाही सर. आणि बाहेर केलंत तर इलेक्ट्रिकलची वॉरंटी जाईल." म्हणजे आम्ही करणार नाही आणि तुम्हीही करू नका. मग माणूस कुठे जाणार? ब्लेडवाल्याकडेच. घाटात जळलेल्या त्या वायरीत त्याच्या अडाणीपणाइतकाच या 'नाही सर'चा वाटा आहे.

आणि याची हद्द पुढे कुठवर जाते बघा. टेस्लाने २०१६ मध्ये ७५ किलोवॅट-अवरची बॅटरी सॉफ्टवेअरने ६० वर अडवून कमी किमतीत विकली. पूर्ण हवी तर पैसे भरा, कुलूप दुरून उघडतं. बीएमडब्ल्यूने २०२२ मध्ये काही देशांत सीट गरम करण्याची सोय महिन्याच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. सीटमधली तार आधीच बसवलेली, भाडं नुसतं परवानगीचं. लोकांनी एवढी टर उडवली की २०२३ मध्ये कंपनीला ते गुंडाळावं लागलं. माझ्या गाडीतलं झाकण हा याच घराण्यातला गरीब चुलतभाऊ. फरक इतकाच, की झाकण अजून नखाने उचकटता येतं.

लोक उचकटतातही. स्कोडाच्या गाड्यांत लॅपटॉप जोडून बंद ठेवलेल्या सोयी चालू करणारे हौशी बरेच आहेत. आमच्या शेंद्र्याच्या कारखान्यात २००१ पासून स्कोडाच्या गाड्या जोडल्या जातात, म्हणजे कुलूप लावणारेही आमच्याच जिल्ह्यातले आणि उघडणारेही. :)

यावर 'मॉडिफिकेशन बेकायदा आहे' असं म्हणणारे भेटतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रकातल्या तपशिलाशी न जुळणारे बदल मालकाला करता येत नाहीत. बरोबरच आहे. पण त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटमध्ये कंपनी जो दिवा आणि जे बटण देते, तेच तिच्याच कप्लरला जोडलं तर नोंदणीपत्रकातली कुठली ओळ खोटी ठरते? उलट रिकामं बटण दिसलं की त्यावर कर्णकर्कश भोंगा चढवणाऱ्यांबद्दल मला काडीची सहानुभूती नाही. अनेक सुरांचे हॉर्न केंद्रीय मोटार वाहन नियम ११९ ने बंद आहेत. छतावर एलईडीची पट्टी लावून समोरच्याला आंधळं करणाऱ्याचीही गाडी जप्त करा, मी टाळ्या वाजवीन. यांच्यामुळेच माझ्यासारख्याला 'नाही सर' ऐकावं लागतं.

दुसरा आक्षेप पुण्यातल्या मित्राचा. "बटणं कसली कवटाळतोस? आता सगळं टचस्क्रीनवर." त्याला म्हटलं, एकदा श्रावणातल्या शुक्रवारी रात्री माझ्याबरोबर घाटात चल आणि काचेच्या पाटीवर तीन मेनू आत जाऊन दिवा लाव. गाडीतल्या बटणाचं मोठेपण एकच, ते न बघता सापडतं. युरो एनकॅपलाही हे पटलंय. २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न, हॅझर्ड दिवे आणि मदतीची हाक यांना हाताला लागणारी बटणं किंवा दांड्या नसतील तर त्यांच्या चाचणीत पूर्ण गुण मिळत नाहीत. जग बटणाकडे परत येतंय आणि आपल्या गाडीत बटणाची तयार जागा झाकून ठेवली आहे!

असो. माझं काम त्या खुलताबादच्या इलेक्ट्रिशियननेच केलं. टॉप मॉडेलचं अस्सल बटण आणि दिवे सुट्या भागांच्या दुकानात सहज मिळाले. (सर्व्हिस सेंटर बसवून देत नाही, पण काउंटरवर विकायला कुणाची ना नसते.) फ्यूजबॉक्समधल्या रिकाम्या जागेत रिले आणि १५ अँपिअरचा फ्यूज बसला. रिलेची गंमत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: ८५ आणि ८६ या पिनांमधल्या गुंडाळीला पाव अँपिअरहूनही कमी करंट लागतो. बटण तेवढाच हाताळतं. ती गुंडाळी आतला संपर्क ओढते आणि दिव्यांचा नऊ अँपिअर ३० वरून ८७ ला, म्हणजे बॅटरीकडून थेट दिव्यांकडे जातो. डॅशमध्ये तापायला काही उरतच नाही. सोललेल्या वायरी त्याने कापून, नीट जोडून, वर आवरण चढवून दिल्या, आणि टॉगलची स्क्रूची भोकं काही बुजवता येईनात म्हणून हळहळला. मजुरी ब्लेडवाल्याच्या निम्मी.

पुढच्याच शुक्रवारी पुन्हा घाटात होतो. समोर न बघायची वेळच आली नाही, बोट आपोआप बटणावर गेलं आणि धुक्याखालची कड उजळली. तिथून चाललेल्या पोरांपैकी एकाने हात वर केला, 'जय बजरंगबली' ओरडला आणि आईने मागून दुप्पट आवाजात उत्तर दिलं.

दोन झाकणं अजून शिल्लक आहेत. एकावर मागच्या सीटसाठी वाचायचा दिवा घ्यायचा विचार आहे, आईला पोथी वाचायला. त्या झाकणामागे कप्लर नाही, नुसती पोकळी आहे, तेव्हा फ्यूजबॉक्सपासून वायर मलाच ओढावी लागेल. पुढच्या विकांताला पॅनल उघडतोय.