सोमवारचे वाटाणे रविवारी

मुलांनो, आज तुमच्या घरी जेवायला काय आहे? हे तुम्ही चटकन सांगाल. निदान वासावरून तरी! बरं, परवा काय आहे?

गेल्या जूनमध्ये हाच प्रश्न मी चौथीच्या वर्गात विचारला. आजचं सगळ्यांना ठाऊक होतं. उद्याचं तिघा-चौघांना. परवाचं म्हटल्यावर वर्ग गप्प. "आये जा करतली ता!" असं कुणीतरी हळूच म्हणालं आणि सगळे हसले. मग मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. एरवी ती फारशी बोलत नाही. तिची आई काजूच्या कारखान्यात जाते, दिवेलागणीला घरी येते. तिनं बोटांवर मोजत आठवडाभराचं जेवण सांगितलं. सोमवारी काळ्या वाटाण्याचं सांबारं, मंगळवारी कुळथाची पिठी आणि सुक्या सुंगटांचा किसमूर, बुधवारी सुका बांगडा... थेट रविवारच्या अंड्यांपर्यंत! मी फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो. कारण खरं सांगू का, त्या आठवड्यात मी स्वतः याच परीक्षेत नापास होत होतो.

झालं होतं असं. पहिल्या पावसात माझी आई अंगणात घसरली आणि तिच्या मनगटाचं हाड मोडलं. माझी बायको आरोग्य केंद्रात नोकरी करते, तिची तेव्हा रात्रपाळी. मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "करायला आम्ही दोघं आहोत. आणि काय करायचं ते मी ठरवतो. त्यात काय मोठंसं?" कागद घेतला, पट्टीनं रेघा मारल्या, सात वार लिहिले.

आता आपल्याकडे आठवड्याचे वार निम्मे आधीच ठरलेले असतात. बऱ्याच घरांत सोमवार, गुरुवार, शनिवार मासे नाहीत. मध्येच संकष्टी किंवा एकादशी येते. बुधवार, शुक्रवार, रविवार मासळीचे. पण जून महिन्यात मासळी कुठली? १ जूनपासून यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. २०२४ साली ही बंदी ३१ जुलैपर्यंत, म्हणजे ६१ दिवस होती. पावसाळ्यात पुष्कळ मासे अंडी घालतात, त्यांना ती उसंत हवी. आणि समुद्रही खवळलेला असतो. रापण ओढायलाही किनारा धड नसतो. म्हणून तर मे महिन्यात आई-आजी उन्हात बसून बेगमी करतात. सुके बांगडे, जवळा, सुंगटं, रतांब्याची सोलं, मालवणी मसाला, कुळथाचं पीठ, मातीत घोळवून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या. हे सगळं आमच्या घरात होतं. डबे भरलेले होते. मला वाटलं, आता फक्त वारांच्या पुढे नावं लिहायची.

सोमवारी सकाळी मी वाटाण्याचा डबा काढला. आई खाटेवरून म्हणाली, "अरे, ते काल भिजत घालूचे होते!" काळा वाटाणा म्हणजे बारीक खडाच. रात्रभर भिजल्याशिवाय तो शिजायचं नाव घेत नाही. त्या दिवशी आम्ही डाळ-भात खाल्ला. मंगळवारी आंबोळ्या लिहिल्या होत्या. पीठ वाटलं, पण पावसाळी गारठ्यात ते फुगेना. उन्हाळ्यात एका रात्रीत होणारं काम आता जास्त वेळ घेतं, हे माझ्या कागदावर कुठे होतं? घाईत जवळ्याच्या डब्याचं झाकण उघडं राहिलं आणि शुक्रवारपर्यंत जवळा सादळून गेला. वास आला. टाकावा लागला. कुणीतरी मे महिन्याच्या उन्हात तो वाळवला होता, निवडला होता, हे टाकताना आठवलं.

तांदळाची तर फजितीच झाली. मी हिशेब केला, पाच माणसं, दिवसाला एक किलो, म्हणजे आठवड्याला सात किलो. बरोबर आहे ना? गणित बरोबर होतं. पण सकाळची पेज मी धरलीच नव्हती! शनिवारी उकड्या तांदळाच्या डब्याचा तळ दिसला.

पण सगळ्यात वाईट चूक बुधवारी झाली. चुलीवर सुके बांगडे भाजले, खोबरं घातलं, पानं वाढली, आणि पाहतो तर बांगडे चार. माणसं पाच. मी चार मोजूनच काढले होते. का? तर आई नेहमी म्हणायची, "माका नको, माका काटे लागतत." हे ऐकत मी मोठा झालो, आणि माझा हात आपोआप चारवर थांबला. शाळेत मी पोरांकडून भागाकार करून घेतो बरं का! त्या दिवशी आईच्या पानात अर्धा बांगडा ठेवला. तिनं तो काट्यांसकट व्यवस्थित साफ केला.

आपल्या समोरचा सिंधुदुर्ग किल्ला घ्या. १६६४ ते १६६७ या काळात तो बांधला गेला. चहूकडे खारं पाणी, पण आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. पाण्याची सोय अशी झाली. पण किल्ल्यात पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेल्या कुटुंबांनी जेवणाचं काय केलं असेल? पावसाळ्यात समुद्र उसळला की होडी लागत नाही. हळद संपली तर ती आणायला कोण जाणार? तिथल्या बाईला परवाच काय, पुढच्या पंधरवड्याचंही आज ठरवावं लागत असणार.

तुम्हीही या रविवारी एक कागद करा. पण माझ्यासारखी वारांपासून सुरुवात करू नका. आधी घरातली माणसं मोजा, रांधणाऱ्या माणसासकट. मग डबे उघडून बघा (आणि लगेच बंद करा!). जे आहे त्यावरून वार भरा. पाऊस पडल्यावर परड्यात टायकळा उगवतो, त्याची कोवळी पानं आणि चार आठळ्या म्हणजे गुरुवारची भाजी झाली. मात्र रानातला पाला खुडताना घरातलं जाणतं माणूस बरोबर हवं. मासळी नाही म्हणून नाक मुरडू नका, १०० ग्रॅम कुळथात सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं असतात. प्रत्येक पदार्थाच्या पुढे एक छोटं खण ठेवा. त्यात लिहा, आदल्या दिवशी काय करायचं. वाटाणे, पीठ, वाटपाचा नारळ, रॉकेल किंवा गॅस, सगळं. चूल पेटवण्याचं काम मोठ्यांवर सोडा. खण भरण्याचं काम तुमचं.

दुसऱ्या आठवड्यात मी असा सुधारलेला कागद केला आणि त्या मुलीला दाखवला. म्हटलं, तपास. तिनं बोट फिरवत वरपासून खालपर्यंत वाचलं. पेज होती, झाकण लावायची आठवण होती, बांगडे पाच होते. रविवारच्या खणाशी तिचं बोट थांबलं. खण रिकामं होतं. सोमवार तर दुसऱ्या आठवड्यात जातो ना, मी म्हटलं.

"मगे, गुरुजी," ती म्हणाली, "वाटाणे कोण भिजत घालतलो?"